फाशी नंतर मागा, आधी पकडा

दारूच्या नशेत कुणी गाडीखाली माणसं चिरडली की दोन दिवसांच्या आत एक वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागतं. रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. ‘आपल्याकडे कायदाच नाही हो. दोघा-चौघांना भर चौकात फटके द्या, एखाद्याला फाशी द्या, मग बघा कुणाची हिंमत होते ती.’ मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला, तेव्हा तर हे वाक्य म्हणजे जणू राज्यगीतच झालं होतं. संताप रास्त होता. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा, आणि दर अपघातानंतर तोच निष्कर्ष नव्याने ऐकून आता वैताग येतो.

कायदा आहे, आणि बराच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवणं, किंवा चालवायचा प्रयत्न करणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड जास्तीत जास्त दोन हजारांचा होता, आणि वाढीव शिक्षेसाठी दुसरा गुन्हा पहिल्यानंतर तीन वर्षांच्या आत घडलेला असावा लागे. ही तीन वर्षांची पळवाट संसदेने काढून टाकली. आज दहा वर्षांपूर्वीचा गुन्हाही मोजता येतो.

परवान्याचं तर कुणी बोलतच नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झाला, तर न्यायालयाला चालकाला किमान सहा महिने अपात्र ठरवावंच लागतं (कलम २०). ते न्यायाधीशांच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. शिवाय पोलिसांनी परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवायचा, आणि तिथे सुनावणीनंतर पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, दुसऱ्या वेळी परवाना थेट रद्द, अशीही तरतूद २०१९ पासून आहे. हे प्रकरण चौकातच दंड भरून मिटवता येत नाही, कोर्टात जावंच लागतं.

कायद्यात खोट नाही असं नव्हे. दुसऱ्या गुन्ह्याला दंडात भर किती, तर पाच हजारांची. ज्याच्या गाडीच्या एका टायरची किंमत त्याहून जास्त आहे, त्याला त्याचं काय? दंड उत्पन्नाच्या किंवा गाडीच्या किमतीच्या प्रमाणात असावा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण दोन वर्षांची कैद आणि परवाना रद्द या तरतुदी पुस्तकात असताना ‘कायदाच नाही’ म्हणणं म्हणजे घरात औषध असूनही ते न घेता नवं औषध आणायला धावणं.

माणूस मेला तर काय, याचं उत्तर मुंबईकरांना तरी ठाऊक असायला हवं. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानातलं ३०४ भाग दोन लावलं आणि तीन वर्षं दिली. त्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत देता येत होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम करताना ती फारच तोकडी असल्याचं नोंदवलं, पण शिक्षा वाढवून मागणारं अपील राज्य सरकारने केलेलंच नाही, म्हणून हात बांधलेले आहेत असंही सांगितलं. दहा वर्षांची तरतूद होती, मिळाली तीन, आणि जास्त मागायला कुणी गेलंच नाही. यात कायद्याचा काय दोष?

आता मूळ प्रश्न. शिक्षा जबर केली की लोक घाबरतात का?

थोडेफार घाबरतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदींवर बेंजामिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मर्यादेच्या जेमतेम खाली सापडलेले आणि जेमतेम वर सापडल्यामुळे शिक्षा झालेले, अशा चालकांची त्याने तुलना केली. शिक्षा झालेल्यांमध्ये पुन्हा तोच गुन्हा करण्याचं प्रमाण पुढच्या चार वर्षांत सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे शिक्षेचा उपयोग होतो, हे मान्य. पण ही माणसं आधी पकडली गेली होती, हे विसरू नका. न पकडलेल्यावर कुठल्याच शिक्षेचा परिणाम होत नाही.

पकडलं जाण्याची भीती काय करते याचे दाखले जुने आहेत. ब्रिटनने १९६७ मध्ये ब्रेथ अ‍ॅनालायझर आणला आणि अपघातांतले बळी झपाट्याने घटले. मग काही वर्षांत आकडे पुन्हा चढू लागले. लॉरेन्स रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने याचा पाठपुरावा केला. त्याचं निदान साधं होतं: लोकांना आधी वाटलं की आपण नक्की सापडणार. पुढे अनुभवाने कळलं की तसं काही नाही. कायदा तोच, शिक्षा तीच, फक्त धाक उतरला. उलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून कुणालाही, कुठेही, संशय नसतानाही थांबवून श्वासाची तपासणी सुरू केली, ती जोमाने चालू ठेवली, आणि रस्त्यांवरचे मृत्यू घटले ते घटलेच.

‘ते तिकडचं झालं, आपल्याकडची माणसं वेगळी’ असं म्हणणाऱ्यांसाठी राजस्थान. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर एक प्रयोग केला. काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत रात्रीची नाकाबंदी नेहमीच्या एकाच मोक्याच्या जागी लावली, तर काही ठिकाणी ती जागा बदलत राहिली. जागा बदलणाऱ्या नाकाबंदीमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या नाकाबंदीचा लक्षणीय परिणाम शून्य. शिक्षेत एका रुपयाची वाढ झालेली नव्हती. आपल्याकडे थर्टी फर्स्टला दरवर्षी त्याच चौकात बॅरिकेड लागतात आणि ‘पुलाखालून जा रे, वर मामा उभे आहेत’ असे मेसेज आधीच फिरतात, त्याचं मोल या प्रयोगावरून ठरवा.

वारंवार सापडणाऱ्यांची गोष्ट तर आणखी अवघड आहे. दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा मागायची, तर पहिला गुन्हा कोर्टापुढे शाबीत करून दाखवावा लागतो. पहिला खटला अजून तुंबलेला असेल, तर प्रत्यक्षात हा गडी पुन्हा पहिलटकरच. नाशिकला सापडलेला माणूस पुढे बेळगावात सापडला, तर तिथल्या पोलिसाने जुनी नोंद काढून खटल्यात जोडल्याशिवाय ती कोर्टाला दिसणार कुठून? परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आज आहे. ती उघडून आधीचा गुन्हा आरोपपत्रात लिहिणं हे कंटाळवाणं कारकुनी काम आहे, त्यासाठी कुणी मेणबत्ती मोर्चा काढत नाही. पण दोन वर्षांची कैद त्या कामावरच अडलेली असते.

शिवाय पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांत असेही बरेच असतात की ज्यांना दारू सोडवतच नाही. त्यांच्या डोक्यात नफ्या-तोट्याचा हिशेब चालूच नसतो, मग दोनाची पाच वर्षं केल्याने काय फरक पडणार? अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. अशा माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ येऊन यंत्रात फुंकायचं. दारू आढळली की तिथूनच एक-दोन रात्री कोठडी. शिक्षा किरकोळ, पण हमखास आणि त्याच दिवशी. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना दिसलं की ज्या परगण्यांत हे चालू झालं तिथे नशेत गाडी चालवताना दुसऱ्यांदा अटक होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी उतरलं आणि घरगुती मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी कमी झाल्या. दुसरा उपाय यंत्राचा: फुंकल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही असं कुलूप. ते लावलेलं असेपर्यंत पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटतं. काढलं की पुन्हा वाढतं, म्हणून त्याला उपचारांची जोड लागते. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे, त्यामुळे उपचार म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. दुसऱ्यांदा सापडलेल्याला कोर्टातून थेट अशा ठिकाणी तपासणीला पाठवणं सक्तीचं करा. फटक्यांपेक्षा ते अवघड आहे, म्हणूनच कुणी मागत नाही.

फार जबर शिक्षेचे उलटे परिणामही होतात: ती चुकवायला माणूस पळ काढतो. शरीर १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने संपवतं. याचा अर्थ अपघात करून पळालेल्याला प्रत्येक तास फायद्याचा. जुलै २०२४ मध्ये वरळीत बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या दांपत्याला उडवलं, महिलेचा जीव गेला, आणि आरोपी दोन दिवसांनी हाती लागला. दोन दिवसांनी रक्तात काय सापडणार? पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत केली, तर जानेवारी २०२४ मध्ये मालमोटार चालकांनी देशभर चक्का जाम केला आणि ते उपकलम थंड बस्त्यात गेलं. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली ती ते वगळूनच. कल्याणीनगर प्रकरणात तर रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. शिक्षा जितकी मोठी तितका ती चुकवण्याचा भाव चढतो, आणि तो भाव परवडणारे ती चुकवतात. फाशीची धमकी शेवटी भोगायची कुणी, तर दुचाकीवरच्या गरिबाने.

बाकीचे गैरसमज पटापट.

‘एका पेगने काय होतं?’ सत्तर किलोच्या पुरुषाने ६० मिलिलिटरचा एक लार्ज झटकन घेतला, तर रक्तातलं प्रमाण हिशेबाने चाळिशीच्या घरात जातं. बिअरची मोठी बाटली पन्नाशी ओलांडते. मर्यादा तीसची आहे. बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूने प्रमाण आणखी चढतं.

‘लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याने आंघोळ.’ झोप उडेल, अल्कोहोल नाही. वेग ताशी पंधराच. मध्यरात्रीपर्यंत चार लार्ज झाले असतील, तर सकाळी ऑफिसला गाडी काढतानाही तुम्ही मर्यादेच्या वर असू शकता.

‘लवंग, वेलची, पान.’ यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातली हवा मोजतं.

‘फुंकायलाच नकार द्यायचा.’ सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याच विरुद्धच्या पुराव्याला बळ देतो, आणि पोलीस विनावॉरंट अटक करून वैद्यकीय तपासणीला नेऊ शकतात.

‘माझ्याकडे दारूचा परवाना आहे.’ तो पिण्याचा आहे, चालवण्याचा नाही.

‘नशेत भान नव्हतं, म्हणून शिक्षा कमी होते.’ स्वतःच्या मर्जीने प्यालेल्याला न्याय संहिता ही सबब देत नाही.

‘विमा आहे ना.’ नशेत ठोकलेल्या स्वतःच्या गाडीचा दावा कंपनी नाकारू शकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात श्वासचाचणी झालेली नसतानाही कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ती गाडीही पोर्शेच होती.

‘अपघातांत दारूचा वाटा अगदीच कमी.’ केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यूंपैकी जेमतेम अडीच टक्के मृत्यू दारू किंवा अमली पदार्थांच्या खात्यावर आहेत, हे खरं. पण पोलीस सहसा एकच कारण नोंदवतात, आणि नशेत भरधाव जाणारा ‘अतिवेगा’च्या रकान्यात पडतो. तपासणीच झाली नाही तर दारू कागदावर येणार तरी कशी?

येत्या १ जानेवारीला वर्तमानपत्रात नेहमीप्रमाणे किती तळीराम पकडले याचा आकडा येईल. आपल्या आमदाराला, पोलीस आयुक्तांना, आरटीओला त्यापुढचे प्रश्न विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा: यांतले दुसऱ्यांदा सापडलेले किती, त्यांच्यावर दुसऱ्या गुन्ह्याचं कलम लागलं का, आणि किती परवाने रद्द झाले? ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत फाशीची मागणी थोडी बाजूला ठेवा.