शिकार, स्वतंत्र व मार्गदर्शित

शिकार, स्वतंत्र व मार्गदर्शित : वन्य प्राण्याचा माग काढणे, त्याला गाठणे, मारणे व मारल्यानंतर त्याची व्यवस्था लावणे ही सर्व कामे शिकारी स्वतःच्या ज्ञानावर व साधनांवर करतो, तेव्हा तिला स्वतंत्र शिकार म्हणतात. मोबदला देऊन एखाद्या जाणकाराच्या सोबतीने व देखरेखीखाली केलेली शिकार ही मार्गदर्शित शिकार होय. मार्गदर्शित शिकारीत दोन वेगळ्या व्यवसायांचा संबंध येतो. प्रत्यक्ष रानात शिकाऱ्याबरोबर फिरतो तो मार्गदर्शक किंवा वाटाड्या. तर तंबू, घोडी, वाहने, अन्नसामग्री, नोकरचाकर व परवाने यांची व्यवस्था करून शिकारीचा करार करतो त्याला आउटफिटर असे म्हणतात. लहान प्रमाणावर ही दोन्ही कामे एकच माणूस करतो. मोठ्या व्यवसायात मात्र मार्गदर्शक हा आउटफिटरचा पगारी माणूस असतो.

या दोन पद्धतींतील भेद वरवर पाहता पैशाचा व सोयीचा वाटतो. वस्तुतः रानाचे ज्ञान कोणाजवळ आहे, चुकीची जबाबदारी कोणावर पडते आणि वन्य प्राणी ही कोणाची मालमत्ता मानावयाची, हे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणूनच अनेक देशांत या निवडीचे स्वातंत्र्य कायद्याने मर्यादित केलेले आढळते.

इतिहास : राजांची शिकार बहुधा मार्गदर्शितच असे. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाने चल लक्ष्यावर नेम धरण्याच्या सरावासाठी रानात जावे. पण लुब्धक (व्याध) व श्वानपालक यांनी ते रान चोर, श्वापदे व शत्रू यांपासून आधी निर्धोक केलेले असावे, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात मृगया व द्यूत यांपैकी कोणते व्यसन अधिक वाईट, याची चर्चा आहे. मृगयेचे दोष दाखविणाऱ्या पिशुनाने वणवा, तहान, भूक यांबरोबर दिशाभूल होणे हाही एक दोष गणला आहे. त्यावर कौटिल्याचे उत्तर असे, की मृगयेने व्यायाम घडतो, मेद झडतो आणि प्राण्यांच्या चित्तवृत्तीचे ज्ञान होते. हे ज्ञान वाटाड्याच्या मागून चालणाऱ्याला कितपत मिळते, हा प्रश्न तेथे उपस्थित झालेला नाही. पुढील काळात तो वारंवार झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या बाराव्या शतकातील ग्रंथातही मृगयेच्या विविध प्रकारांचे वर्णन आले आहे.

ब्रिटिश अमदानीत ‘शिकारी’ या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले. बंदूक चालविणारा साहेब हा शिकारी होताच. परंतु इंग्रजी लेखनात हा शब्द मुख्यतः त्याला वाघापर्यंत नेणाऱ्या स्थानिक माणसासाठी रूढ झाला. मध्य प्रांतात हे काम गोंड, कोरकू, बैगा इ. जमातींतील माणसे करीत. रेडकू कोठे बांधावे, वाघ कोणत्या नाल्याने उतरेल, मचाण कोणत्या झाडावर व वाऱ्याच्या कोणत्या अंगाला असावे आणि हाका कोठून सुरू करावा, हे ठरविणारा तोच. साहेबाकडे शेवटच्या काही क्षणांतील नेमबाजी राही. काश्मीरमध्ये आयबेक्स, मारखोर व हंगूल यांच्या शिकारीसाठी असे शिकारी हंगामापुरते नेमले जात. पूर्वीच्या साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या ते जपून ठेवीत व नव्या गिऱ्हाइकाला दाखवीत. व्यावसायिक मार्गदर्शकाच्या परवान्याचे हे आरंभीचे रूप मानता येईल.

याच काळात संपूर्ण स्वतंत्र शिकारीचे ठळक उदाहरण जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याचे आहे. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे काम स्वीकारताना त्याने दोन अटी घातल्या : सरकारी बक्षीस रद्द करावे आणि त्या भागातील इतर शिकारी काढून घ्यावेत. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून गणले जाणे त्याला मान्य नव्हते आणि दुसऱ्याच्या गोळीला बळी पडण्याचा धोकाही त्याला टाळावयाचा होता. तथापि कॉर्बेटचे बालपण काळाढुंगी व नैनितालच्या रानांत गेले होते. पक्ष्यांचे व हरणांचे धोक्याचे आवाज तो लहानपणीच शिकला होता. म्हणजे तो वाटाड्यावाचून जाई, कारण तो स्वतःच वाटाड्या होता. त्याचे अनुकरण करू पाहणाऱ्यांच्या लक्षात ही बाब नेहमीच आली असे नाही. चंपावतच्या वाघिणीसाठीही अखेर गावकऱ्यांचा हाका घालावाच लागला.

पूर्व आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी मार्गदर्शित शिकारीला संघटित व्यवसायाचे रूप आले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझव्हेल्ट यांच्या १९०९-१० मधील मोहिमेची व्यवस्था नैरोबीच्या ‘न्यूलँड अँड टार्लटन’ या संस्थेने केली होती. तिच्याबरोबर सु. अडीचशे हमाल व नोकर होते आणि आर. जे. कनिंगहॅम हा मार्गदर्शक होता. रूझव्हेल्ट व त्यांचे पुत्र करमिट यांनी मिळून मारलेल्या प्राण्यांची संख्या ५१२ भरली. या प्रसिद्धीनंतर श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकांचा ओघ वाढला. १९३४ मध्ये नैरोबी येथे व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. केन्याने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली व त्याच वर्षी ती संघटना विसर्जित झाली. या व्यवसायाची एक बाजू त्याच्या गौरवपर साहित्यात क्वचितच येते. वसाहतीच्या शिकार-कायद्यांनी कांबा, वाता (वालियांगुलू) इ. जमातींची पारंपरिक शिकार हा गुन्हा ठरविला. पण गोऱ्या व्यावसायिकाचा माग काढणारा माणूस बहुधा अशाच जमातींतला असे. स्वतःसाठी शिकार केल्यास तुरुंग आणि दुसऱ्यासाठी केल्यास पगार, अशी ही स्थिती होती. भारतात फासेपारध्यांच्या बाबतीत फार वेगळे घडले नाही. फास्यांनी पाखरे व हरणे धरण्यात निष्णात असलेल्या या जमातीवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

कायद्याची सक्ती : उत्तर अमेरिकेत वन्य प्राणी ही जनतेची ठेव मानली जाते व सामान्य नागरिकाला परवाना घेऊन स्वतंत्रपणे शिकार करता येते. मार्गदर्शकांची नोंदणी मेन राज्यात १८९७ मध्ये सुरू झाली. तेथील पहिला नोंदणीकृत मार्गदर्शक म्हणजे कॉर्नेलिया क्रॉस्बी ही स्त्री होती. आजही अ. सं. सं.मधील बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी मार्गदर्शक घेण्याची सक्ती नाही. काही ठिकाणी मात्र ती आहे. अलास्कात तपकिरी अस्वल, डॉल मेंढी व पहाडी बकरा यांच्या शिकारीसाठी राज्याबाहेरील अमेरिकन नागरिकाबरोबर परवानाधारक मार्गदर्शक किंवा अलास्कात राहणारा, किमान १९ वर्षे वयाचा जवळचा नातलग असावा लागतो. परदेशी नागरिकाला तर सर्वच मोठ्या प्राण्यांसाठी मार्गदर्शक घ्यावा लागतो. वायोमिंगमध्ये संघशासनाने घोषित केलेल्या संरक्षित अरण्यांत परराज्यातील शिकाऱ्याला मोठ्या प्राण्यांची शिकार मार्गदर्शकाशिवाय करता येत नाही. त्याच माणसाने त्याच अरण्यात बंदुकीशिवाय भटकावे, मासे धरावे, अस्वलांच्या शेजारी तंबू ठोकावा, यास मात्र अशी अट नाही. तेव्हा केवळ सुरक्षितता हा या नियमाचा हेतू आहे, असे म्हणणे कठीण जाते.

या सक्तीमागे स्थानिक रोजगाराचा विचार असतो आणि त्यातून संघर्षही उद्भवतात. न्यू मेक्सिकोत सोडतीने द्यावयाच्या परवान्यांपैकी ८४ टक्के रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना व ६ टक्के करार न केलेल्या परराज्यातील शिकाऱ्यांना राखलेले आहेत. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला सोडतीत वेगळा वाटा मिळतो. मोंटॅनात आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी असेच परवाने राखून ठेवलेले होते. ते २०१० मध्ये मतदारांनी जनमताने रद्द केले. अलास्कात ठरावीक प्रदेश एकेका मार्गदर्शकाला मक्त्याने देण्याची पद्धत होती. वन्य प्राणी सर्वांच्या समाईक उपयोगासाठी आहेत, या राज्यघटनेतील तत्त्वाशी ती विसंगत असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. मक्त्यामुळे मार्गदर्शक आपल्या प्रदेशातील प्राणी जपून वापरतो व मक्ता गेला की जो तो आधी हात मारू पाहतो, हा मार्गदर्शकांचा युक्तिवाद मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आउटफिटरांचे स्वतंत्र प्रदेश आजही आहेत.

जर्मनीत निराळी वाट काढलेली आहे. तेथे शिकाऱ्यालाच प्राणिशास्त्र, शस्त्रे, कायदा, मांसाची स्वच्छता इ. विषयांची कठीण परीक्षा द्यावी लागते. शिकारीचा हक्क जमिनीशी निगडित असून स्वतःच्या शिकारक्षेत्रासाठी सामान्यपणे किमान ७५ हेक्टर सलग जमीन आवश्यक असते. स्कॉटलंडच्या डोंगराळ जहागिरींत स्टॉकर हा पगारी माणूस पाहुण्याला हरणापर्यंत सरपटत नेतो आणि कळपातील कोणते हरीण मारावयाचे हे तोच सांगतो.

व्यवहारातील भेद : स्वतंत्र शिकारीतील खरी कसोटी गोळी झाडल्यानंतर सुरू होते. एल्क जातीच्या प्रौढ नराचे वजन ३०० किग्रॅ.च्या आसपास असते व हाडे काढूनही त्याचे सु. ९० किग्रॅ. मांस उरते, मूस या हरणाचे मांस त्याच्या दुपटीहून अधिक भरते. हवा उष्ण असेल, तर ते काही तासांत बिघडू लागते. रस्त्यापासून दहा किमी. आत एकट्याने एल्क मारणाऱ्याला पाठीवर ओझे घेऊन कित्येक खेपा कराव्या लागतात. अलास्कात खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गंभीर गुन्हा आहे. अनुभवी स्वतंत्र शिकारी म्हणूनच प्राणी दिसला की आधी अंतर व उतार मोजतो आणि प्रसंगी गोळी झाडत नाही. या दोन पद्धतींमधील एक तोडगाही प्रचलित आहे : आउटफिटर घोड्यांवरून किंवा लहान विमानातून शिकाऱ्याला व तंबूला आत नेऊन सोडतो, मार्गदर्शक देत नाही आणि ठरल्या दिवशी परत न्यावयास येतो. खर्च कमी पडतो. परंतु तंबू ठोकलेल्या जागी प्राणी नसल्यास मुक्काम हलविण्याचा मार्ग उरत नाही. अलास्कात मार्गदर्शकासह तपकिरी अस्वलाच्या शिकारीचा खर्च वीस हजार डॉलरांहून अधिक येतो. हरणाच्या स्वतंत्र शिकारीचा खर्च त्याच्या अल्पांशात भागतो.

मार्गदर्शकाचे सर्वांत मोठे मोल जखमी प्राण्याच्या प्रसंगी कळते. जखमी बिबळ्या किंवा रेडा झाडीत शिरल्यास त्याचा पाठलाग करणे हे आफ्रिकेतील व्यावसायिकाचे कर्तव्य समजले जाते. गिऱ्हाईक मागे थांबते. तेथील करारांत जखमी होऊन निसटलेला प्राणी मारलेलाच धरला जातो व त्याचे शुल्क भरावे लागते. भारतात पूर्वी वाघाच्या अंगातून पहिले रक्त ज्याच्या गोळीने निघेल त्याचा वाघ, असा संकेत होता. या संकेताने घाईच्या गोळीला उत्तेजन मिळाले व अनेक जखमी वाघ मागे राहिले, हे नाकारता येत नाही.

पैशाच्या नात्याचा दोषही स्पष्ट आहे. थोड्या दिवसांत यश देण्याचे दडपण मार्गदर्शकावर असते आणि कमी वयाचा नर, अपुरा प्रकाश किंवा हद्दीची शंका यांकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर ‘सेसिल’ हा सिंह एका अमेरिकन गिऱ्हाइकाने मारला, तेव्हा आरोप मार्गदर्शकावर ठेवण्यात आला; पुढे न्यायालयाने तो रद्द केला.

भारत : स्वातंत्र्यानंतर परदेशी पर्यटकांसाठी शिकार-कंपन्या निघाल्या. वन खात्याकडून शिकारीचे ‘ब्लॉक’ मुदतीने घेऊन त्या मध्य भारतात वाघाची शिकार घडवून आणीत. नागपूरची ‘ॲल्विन कूपर’ ही त्यांपैकी एक होय. ती पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी काढली होती. वाघांची संख्या घटल्याचे दिसून आल्यावर १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची तरतूदच काढून टाकण्यात आली. त्यामुळे भारतात हौशी शिकार, स्वतंत्र असो वा मार्गदर्शित, आज बेकायदेशीर आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एका वाघिणीला खासगी शिकाऱ्यांच्या पथकाने मारल्यावर, असे काम बाहेरच्या माणसाकडे सोपवावे की खात्यानेच करावे, यावर मोठा वाद झाला. रानडुक्कर व नीलगाय यांच्यापासून पिकांच्या रक्षणासाठी काही राज्यांनी नेमबाज लावले, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला. माग काढण्याचे जुने ज्ञान आता मुख्यतः पर्यटनात व वनरक्षणात उपयोगी पडते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांच्या वाहनाबरोबर नोंदणीकृत मार्गदर्शक घ्यावा लागतो आणि हे मार्गदर्शक बहुतांशी आसपासच्या गावांतील असतात.