गोठ्यांतील घुशींचा उपद्रव व त्यापासून होणारा रोग

पावसाळ्याच्या तोंडीं शेतांतील बिळांत पाणी शिरूं लागलें म्हणजे उंदीर व घुशी गांवाकडे वळतात, आणि गांवांत त्यांस सर्वांत सोयीची जागा सांपडते ती आपला गोठा. तेथें भुई मऊ, गव्हाणींत सांडलेली पेंड व आंबोण, शेजारीं धान्याची कणगी, आणि माणसांची वर्दळ फक्त सकाळ-संध्याकाळ. घुशींनीं जोतें पोखरलें, पोत्यांस भोकें पाडलीं, कोंबडीचीं पिलें नेलीं, अशा तक्रारी शेतकरी बंधु नेहमींच करीत असतात. परंतु या नुकसानीहून मोठें असें एक नुकसान आहे व तें डोळ्यांस दिसत नाहीं. तें घुशीच्या दांतांनीं होत नसून तिच्या मुतानें होतें. प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

घूस, उंदीर व चिचुंद्री यांस पुष्कळ लोक एकाच जातीचीं लहानमोठीं भावंडें समजतात, तें बरोबर नाहीं. चिचुंद्री किडे व झुरळें खाऊन राहते. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकीं नव्हे. घूस व उंदीर मात्र त्या वर्गांतील असून त्यांचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, व ते झिजविण्याकरितां त्यांस कांहीं ना कांहीं कुरतडणें भागच पडतें. मोठी घूस वजनानें जवळजवळ एक किलो भरते. इंग्रजींत तिला जें ‘बँडिकूट’ नांव आहे तें तेलुगूंतील ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर या शब्दावरून घेतलेलें आहे, आणि रात्रीं गोठ्यांत तिचें गुरगुरणें ज्यानें ऐकलें असेल त्यास हें नांव पटल्यावांचून राहणार नाहीं. तिचीच एक लहान जात शेतांत राहून बिळांत धान्याचा सांठा करते. मादी सुमारें तीन आठवड्यांत विते व एका वेळीं पांच-सात पिलें देते; त्यामुळें दहा-वीस घुशी मारून कांहीं साधत नाहीं. खाद्य व आसरा आहे तोंपर्यंत त्या पुन्हा तितक्याच होतात.

आतां रोगाकडे वळूं. या रोगास ‘लेप्टोस्पायरोसिस’ असें लांबलचक नांव आहे. कोंकणांत त्यास नुसतें ‘लेप्टो’ म्हणतात. १८८६ सालीं वाइल नांवाच्या जर्मन वैद्यानें तापाबरोबर कावीळ होऊन मूत्रपिंडें बिघडणाऱ्या या दुखण्याचें वर्णन केलें, व पुढें १९१५ सालीं जपानांत इनाडा व इडो या दोघांनीं त्याचे जंतु शोधून काढले. ते जंतु मळसूत्रासारखे पिळदार असतात. घुशीच्या व उंदराच्या मूत्रपिंडांत ते सुखानें नांदतात. त्यांस स्वतःला बहुधा कांहीं होत नाहीं, परंतु त्यांच्या मुतांतून जंतु सारखे बाहेर पडत असतात. कोरड्या जागीं व उन्हांत ते लवकर मरतात. ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत मात्र कित्येक आठवडे जगतात. म्हणजे लावणीचें खाचर, गोठ्यांतील रेंदा व मोरीचें डबकें हीं त्यांचीं हक्काचीं ठाणीं झालीं. पायाला पडलेली भेग, कोयत्याचा चिरा, चिखलांत भिजून मऊ पडलेली कातडी, किंवा डोळ्यांत उडालेला शिंतोडा, एवढी वाट त्यांस पुरते.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा रोग घुशीपासून थेट माणसाकडेच येतो असें नव्हे. तो आपल्या गुरांमार्फतही येतो. घुशीनें मुतलेली पेंड खाऊन किंवा डबक्याचें पाणी पिऊन गायीम्हशींस लागण होते. मग गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, अथवा एकाएकीं दूध आटून जें येतें तें चिकासारखें दाट, पिवळट, क्वचित् रक्ताची झांक असलेलें येतें. वासरांस ताप येऊन लघवी लाल होते. गोचिडांपासून होणाऱ्या तापांतही लघवी लाल होते, यास्तव घरच्या घरीं निदान न ठरवितां पशुवैद्यास बोलवावें. जनावर बरें झालें तरी त्याच्या मुतांतून कित्येक महिने जंतु जात राहतात, आणि शेण काढणारा मनुष्य त्याच मुतांत उघड्या पायांनीं उभा असतो. गाभडलेलें वासरूं व वार उघड्या हातांनीं उचलूं नये. त्यायोगें दुसरेही रोग जडतात. हातमोजे घालून तें खोल पुरावें व वर चुना टाकावा. राखणीच्या कुत्र्यास हा रोग होतो. त्याकरितां लस मिळते व ती दरवर्षीं टोंचून घ्यावी लागते.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व शहर पाण्याखालीं गेलें. त्यानंतरच्या दिवसांत तेथें या रोगाची मोठी सांथ झाली. मुंबईंत सांथ झाली म्हणून वर्तमानपत्रांनीं तिची दखल घेतली. खेड्यांतल्या एकट्यादुकट्या रोग्याची कोण घेतो? प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी तहशील कचेरींत गेली. वारसाच्या नोंदीकरितां आलेल्या लोकांस, मयत कशानें झाला असें सहज विचारलें, तर आषाढ-श्रावणांतल्या कित्येक मृत्यूंबाबत एकच उत्तर मिळे: “चार दिवस ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि गेला.” त्यांतील कितींचें कारण हा रोग होता हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. परंतु त्या चार दिवसांत ते घरींच होते, एवढें खरें.

लागण झाल्यापासून बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोकें ठणकतें, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या व कंबर इतकीं दुखतात कीं हात लावूं देववत नाहीं. पोटऱ्यांचें हें दुखणें शेतकऱ्यास चिखलणीच्या श्रमाचें वाटतें, व येथेंच घात होतो. कांहीं जणांस मध्यंतरीं उतारही पडतो. नंतर कावीळ दिसूं लागते, लघवी कमी होते, खोकल्यांतून रक्त पडतें किंवा धाप लागते; अशा वेळीं मोठ्या इस्पितळावांचून गति नाहीं. उलटपक्षीं पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार झाला तर पेनिसिलीन, डॉक्सिसायक्लीन अशा नेहमींच्या व स्वस्त औषधांनीं हा रोग आटोक्यांत येतो. म्हणून “लावणी आटपली कीं जाईन” असें म्हणूं नये. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण चिखलांत व गोठ्यांत काम करीत होतों हें आपण होऊन सांगावें; त्या एका वाक्यानें त्यांस निदानाची दिशा मिळते. औषध मात्र त्यांच्याच सल्ल्यानें घ्यावें.

याच्या उलट, ज्याची भीति अनाठायीं आहे तें पिसाळण्याचें. उंदीर चावला म्हणून पिसाळरोग झाल्याचें सहसा आढळत नाहीं. जखम साबणानें धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी व डॉक्टरांस दाखवावें, म्हणजे झालें. कुत्रें, मांजर, मुंगूस किंवा कोल्हा चावल्यास मात्र गोष्ट निराळी. तेव्हां पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यांत साबणानें जखम धुवून त्याच दिवशीं लस सुरू केली पाहिजे.

प्लेगची आठवण जुन्या घराण्यांत अजून आहे. १८९६ सालीं मुंबईस मांडवींत तो प्रगट झाला, व १८९८ सालीं सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें तो उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो असें दाखविलें. पुढें १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं त्यानें पुन्हा डोकें वर काढलें. त्याच्या आदल्या वर्षीं किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनीं घरें सोडलीं होतीं व धान्य आंत तसेंच राहून उंदीर माजले होते, अशी त्याची उपपत्ति लावतात. उंदीर विनाकारण मरून पडूं लागले तर त्यांस हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें. अशा वेळीं उंदीर मारण्याची घाई करूं नये. उंदीर मेला कीं पिसवा त्यास सोडून माणसाकडे येतात, म्हणून आधीं पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो.

बंदोबस्ताचा विषय निघाला कीं लोक प्रथम विषाचें नांव काढतात. लेखकाच्या मतें तें शेवटीं काढावें. पहिलें काम गोठा कोरडा करण्याचें. जमिनीस फरशी किंवा कोबा करून मोरीकडे उतार द्यावा, व गव्हाण रात्रीं रिकामी ठेवावी. धान्य पत्र्याच्या कोठींत, अथवा भुईपासून दीड-दोन फूट उंच मांचावर व भिंतीपासून सुटें ठेवावें. सरपण भिंतीस लावून रचूं नये. बिळें कोणतीं चालू आहेत हें पाहण्याकरितां सायंकाळीं सर्व तोंडें मातीनें लिंपावीं. सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तींच वस्तीचीं. जोत्यांतलीं बिळें घुशी काढल्यावर कांचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीं. पिंजरे एकदोन न लावतां भिंतीच्या कडेनें एकदम पुष्कळ लावावे.

शेतांतील बिळांत झिंक फॉस्फाईडचें आमिष वापरतात. पोटांत गेल्यावर त्याचा विषारी वायु होतो, आणि त्यावर उतारा नाहीं. म्हणून गोठ्यांत व कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तें कदापि आणूं नये. घूस संशयी असल्यामुळें आधीं दोन-तीन दिवस बिनविषाचें खाद्य ठेवून तिला चटक लावावी लागते. ब्रोमाडायोलोननें ती कांहीं दिवसांनीं मरते. तें चुकून कुत्र्यानें खाल्लें तर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, परंतु पशुवैद्याकडे तांतडीनें न्यावें लागतें. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या धुरीच्या गोळ्या शिकलेल्या अधिकृत माणसांखेरीज इतरांनीं वापरूं नयेत असा नियम आहे. राहत्या घरांत त्या ठेवणेंही जिवावर बेततें.

विष खाल्लेली घूस घुबडानें खाल्ली तर घुबडही मरतें, हा आणखी एक तोटा. गोठ्याच्या आढ्यावर येणाऱ्या पांढऱ्या तोंडाच्या घुबडास आपल्याकडे ‘गव्हाणी घुबड’ म्हणतात. त्याचें मुख्य खाद्य उंदीरच असतां अपशकुनी म्हणून त्यास हाकलणारे लोक अजून आहेत. धामणीचीही तीच कथा.

मेलेली घूस पिशवींत हात घालून उचलावी व खोल पुरावी. तिचें घरटें व लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. ब्लीचिंग पावडरीचें पाणी शिंपडून अर्ध्या तासानें काढाव्या. हें सर्व ज्येष्ठाच्या आरंभीं, पाऊस लागण्यापूर्वीं, आणि सबंध आळीनें एकाच आठवड्यांत करावें. एकट्यानेंच केल्यास शेजारच्या गोठ्यांतल्या घुशी पंधरवड्यांत रिकाम्या बिळांत येऊन राहतात.