वाळीत टाकलेलं सिलिकॉन

फिलाडेल्फियाजवळच्या जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाला १९५५ साली मुलगा झाला, तो पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष घेऊन. पाठोपाठ डोक्यात पाणी साठू लागलं. ते पाणी नळीवाटे रक्तात वळवायचं तर एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. होल्टरने ती स्वतःच घडवायला घेतली. कशाची करायची, हा शोध सिलिकॉनपाशी येऊन थांबला. ते लवचीक होतं, वाफेवर निर्जंतुक केलं तरी बिघडत नव्हतं आणि अंगात राहून कुजतही नव्हतं. १९५६पासून ती झडप रुग्णांना बसू लागली. अशा झडपेच्या नळीला शंट म्हणतात. उत्तर प्रदेशात शाहजहाँपूरला बनणारा, आपल्याकडचा छाब्रा शंटही सिलिकॉनचाच.

सिलिकॉन शरीराला ‘चालतं’, असं तेव्हापासून म्हटलं जातं. चालतं खरं, पण शरीर त्याला आपलं मानत नाही. भक्षक पेशींना ते पचत नाही आणि बाहेर हाकलताही येत नाही. मग शरीर तेच करतं जे पूर्वी गाव करायचं. वाळीत टाकतं.

याची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. रक्तातली प्रथिनं काही सेकंदांत सिलिकॉनवर बसतात. मागून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात. एकटीला जमत नाही म्हणून त्यातल्या काही एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात. त्यांनाही जमलं नाही की तंतुपेशी कोलॅजेनचं कुंपण विणतात. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ते पातळ, मऊ राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. आत काही आहे हे रुग्ण विसरूनही जातो.

पण कधी कधी हे कुंपण जाड होत, आवळत जातं. ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या कॉकलियर इम्प्लांटमध्ये सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रोडभोवती व्रणऊती वाढली की विजेला होणारा विरोध वाढतो. सगळ्यात जास्त त्रास मात्र स्तनांच्या इम्प्लांटमध्ये. सिलिकॉनचं पहिलं स्तन-इम्प्लांट १९६२मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो यांनी बसवलं, तेव्हापासून ही तक्रार सोबतीला आहे. कर्करोगाने स्तन काढावा लागलेल्या बाईला नवा आकार मिळतो, आणि काही वर्षांनी तो दगडासारखा घट्ट होऊन दुखू लागतो. पुन्हा भूल, पुन्हा टाके.

उपाय पृष्ठभागावरच करायला हवा, हे उघड आहे. सिलिकॉनला पाण्याचं वावडं, आणि अशा पृष्ठभागाला प्रथिनं सहज चिकटतात. ते वावडं घालवायला ऑक्सिजनच्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, मारा करतात. पाणी लगेच पसरू लागतं. पण आतले तेलकट छोटे रेणू हळूहळू वर सरकतात आणि पृष्ठभाग पुन्हा पहिल्यासारखा होतो. जित्याची खोड, दुसरं काय!

दुसरा विचार असा: गुळगुळीत पृष्ठभागावर ऊतीला धरायला काही नसतं, तर तो खरखरीत करा. ओल्या सिलिकॉनवर मिठाचे कण दाबायचे, नंतर ते धुऊन काढायचे. उरलेल्या खड्ड्यांत ऊती शिरते आणि इम्प्लांट जागचं फिरत नाही. ॲलर्गनची ‘बायोसेल’ इम्प्लांट याच पद्धतीची. पण काही स्त्रियांच्या कॅप्सूलमध्ये लिम्फोमा आढळू लागला. तो स्तनाचा कर्करोग नव्हे, प्रतिकारपेशींचा कर्करोग. वर्षानुवर्षं धुमसणारा दाह हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने जुलै २०१९मध्ये आकडे दिले तेव्हा जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. ५७३पैकी ४८१ जणींची इम्प्लांट ॲलर्गनची होती. कंपनीला ती जगभरातून परत घ्यावी लागली.

म्हणजे पुन्हा गुळगुळीतकडे वळायचं? तसंही नाही. रॉबर्ट लँगर, ओमिद वेसेह आणि जोशुआ डोलॉफ या संशोधकांच्या गटाने २०२१मध्ये वेगवेगळ्या खरखरीतपणाचे पृष्ठभाग उंदीर आणि सशांत तपासले, माणसांच्या कॅप्सूलचे नमुनेही पाहिले. सर्वांत कमी दाह सरासरी ४ मायक्रॉन खरखरीतपणाला होता. आपला केस जवळपास ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून ही खरखर किती बारीक, ते लक्षात यावं. तिथे दाह आवरणाऱ्या टी-पेशी जास्त होत्या आणि कुंपण पातळ होतं. या संशोधनाला असा पृष्ठभाग विकणाऱ्या कंपनीनेच पैसे पुरवले होते, हेही वाचकाला ठाऊक असावं. तरी मला हा निष्कर्ष पटतो, कारण ‘गुळगुळीत की खरखरीत’ हा जुना वादच तो निकालात काढतो. खरा प्रश्न किती खरखरीत, हा आहे.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगात इम्प्लांट असेल, तर त्यासोबत मिळालेलं कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेलं कार्ड जपून ठेवा. इम्प्लांट परत मागवलं गेलं, तर ते आपलंच का, हे त्या कार्डावरून कळतं. त्रास नसेल तर बायोसेल काढून टाकायची गरज नाही, असं एफडीएने तेव्हाच सांगितलं होतं. पण स्तनाच्या इम्प्लांटभोवती काही वर्षांनी अचानक सूज आली, तर वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ते कार्ड घेऊन जा.