पुढे धोका आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा

जून १९१७. मुंबईबाहेरच्या समुद्रात तेरा दिवसांत तीन आगबोटी पाणसुरुंगांवर गेल्या. ११ तारखेला ‘सिटी ऑफ एक्झेटर’ फुटलेल्या अंगानं कशीबशी बंदर गाठू शकली. १७ला ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाली. २३ला पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ तळाला गेली आणि तेवीस माणसं दगावली. जुलैअखेर ‘ओखला’ची पाळी आली.

सुरुंग पेरून चार महिने होऊन गेले होते. फेब्रुवारीत ‘वुल्फ’ नावाचं जर्मन जहाज साध्या मालवाहू बोटीच्या सोंगात इथवर आलं, रात्रीत काम उरकून निघूनही गेलं. कप्तान कार्ल नेर्गरनं नोव्हेंबर १९१६मध्ये कील सोडलं आणि ४५१ दिवसांनी, वाटेत एकाही बंदराला न लागता, तो परत कीललाच पोहोचला. स्वतःच्या बिनतारी संदेशयंत्रणेचा आवाज त्यानं बंद ठेवला होता. दुसऱ्यांचे संदेश मात्र तो रोज ऐकत असे.

युद्धकाळातल्या सागरी सूचनांचा सगळा गुंता या एका गोष्टीत दिसतो. आपल्या बोटींना ‘इथून जाऊ नका’ म्हणावं तर ते शत्रूही ऐकतो आणि त्याचे सुरुंग सापडल्याचं त्याला कळतं. गप्प बसावं तर आपलीच माणसं मरतात. सरकारांनी बहुतेक वेळा गप्प बसणं पसंत केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ‘कम्बरलँड’ याच ‘वुल्फ’च्या सुरुंगावर फुटली, तेव्हा मालातच कुणी बॉम्ब ठेवला असावा, असा संशय आधी घेतला गेला.

नियम नव्हते असं नाही. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात पेरलेले सुरुंग दोर तुटून पिवळ्या समुद्रात भरकटत राहिले. युद्धाशी काही देणंघेणं नसलेले चिनी कोळी आणि खलाशी त्यांनी मारले. १९०७च्या हेग परिषदेत चीनच्या प्रतिनिधीनं हा आकडा पाच-सहाशे सांगितला. त्या परिषदेतून पाणसुरुंगांचा करार निघाला. दोर तुटला की सुरुंग निकामी झाला पाहिजे. निव्वळ व्यापारी वाहतूक अडवायला शत्रूच्या बंदरापुढे सुरुंग पेरायचे नाहीत. आणि धोक्याचा टापू जहाजमालकांना आणि इतर देशांना कळवायचा. यातलं शेवटचं कलम लष्करी गरजा परवानगी देतील तेव्हाच लागू होणार होतं. लष्करी गरजा अशी परवानगी कधी देतात? ‘निव्वळ’ या शब्दाची गंमतही तशीच. सुरुंग पेरणारा प्रत्येक जण आपला हेतू निव्वळ तेवढाच नव्हता, असं सांगायला मोकळा.

पहिल्या महायुद्धात सूचनेचं दुसरं रूप दिसलं. नोव्हेंबर १९१४मध्ये ब्रिटननं अख्खा उत्तर समुद्र लष्करी टापू ठरवला. फेब्रुवारी १९१५मध्ये जर्मनीनं ब्रिटिश बेटांभोवतीचं पाणी युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केलं. १ मे रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत जर्मन दूतावासाची जाहिरात आली: या पाण्यातून ब्रिटिश जहाजानं जाल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. त्याच दिवशी ‘लुसिटानिया’नं बंदर सोडलं. ७ मे रोजी ती बुडवली गेली आणि सुमारे बाराशे माणसं मेली. ‘आम्ही सांगितलं होतं’ हे वाक्य तेव्हापासून युद्धाच्या कागदपत्रांत मुक्कामाला आलं. सुरुंगाची सूचना निदान अमुक जागा टाळा असं सांगते. युद्धक्षेत्राची घोषणा तसं काही सांगत नाही. समुद्राचा एक मोठा तुकडा तोडून तिथल्या मरणाची जबाबदारी ती मरणाऱ्याच्या नावावर चढवते. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांचा हाच खरा इतिहास आहे.

ब्रिटिश बोटींच्या डेकवर दोर सांभाळणारे आणि सलूनमध्ये ताटं वाढणारे कोण होते, हे कोकणात आणि गोव्यात सांगायला नको. पी. अँड ओ.च्या सलूनमध्ये गोवेकर असायचे, डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातली जाहिरात त्यांच्यासाठी नव्हतीच. मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या, समुद्राशिवाय दुसरी कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. मुंबईकरांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलं असेल.

दुसऱ्या महायुद्धात दिवे विझवून चालायचं, वेडीवाकडी वळणं घेत जायचं, बिनतारी बंद ठेवायची, काफिल्यातून फुटायचं नाही, हे नियम पक्के झाले. पण काफिला सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ नऊशेहून अधिक माणसं घेऊन एकटीच चालली होती. सेशेल्सच्या ईशान्येला जपानच्या ‘आय-२९’ पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काही जण परत वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. पुढच्याच वर्षी याच पाणबुडीनं सुभाषबाबूंना जर्मन पाणबुडीवरून उतरवून घेतलं. इतिहास एकेका जहाजाला किती वेगवेगळ्या आठवणींत ठेवतो!

पण युद्धातल्या नियमानं मुंबईचा सगळ्यात मोठा घात केला तो शत्रू जवळपास नसताना. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकाइन’ व्हिक्टोरिया गोदीला लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, सुटी केलेली विमानं आणि सोन्याच्या विटा. शांततेच्या काळात असा माल असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा आणि स्फोटकं गोदीपासून दूर, पडावांत उतरवायची, असा रिवाज होता. युद्धात घाई होती, गुप्तताही होती. बावटा लावला गेला नाही आणि जहाज थेट धक्क्याला आलं. शेजारच्या जहाजांना आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती.

१४ तारखेच्या दुपारी कापसातून धूर निघाला. पंप चालू झाले. जहाज गोदीबाहेर काढायचं की तिथंच बुडवायचं, यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यात ६६ अग्निशामक होते, म्हणून आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. शहराचा एक भाग जळत असताना बातमीवर मात्र बंदी. जगाला ती आधी ऐकवली जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओनं. इथल्या वृत्तपत्रांना छापायची मोकळीक मे महिन्यात मिळाली. शत्रूला कळू नये म्हणून लपवलेली गोष्ट शत्रूनंच सांगितली.

युद्धानंतर एक चांगली गोष्ट घडली, तीही एका अपघातानं. ऑक्टोबर १९४६मध्ये कॉर्फूच्या सामुद्रधुनीत दोन ब्रिटिश विनाशिका सुरुंगांवर गेल्या आणि चाळीसहून अधिक नौसैनिक मेले. ९ एप्रिल १९४९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अल्बानियाला दोषी धरलं. सुरुंग तिनंच पेरले होते असं सिद्ध झालं नव्हतं. पण आपल्या पाण्यात ते आहेत हे तिला ठाऊक असणारच, आणि ठाऊक असून न कळवणं हाच गुन्हा, असा निकाल लागला. हेगच्या ‘परवानगी असेल तर’ला मिळालेलं हे उत्तर मला त्या करारापेक्षा मोठं वाटतं.

त्यानंतरचं काम शांतपणे झालं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जगाचा समुद्र सोळा सूचनाविभागांत वाटला गेला. आर्क्टिकचे पाच पुढे जोडले गेले. आपला विभाग आठवा, आणि त्याचं समन्वयन समुद्रापासून लांब, देहरादूनला, नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयातून चालतं. विझलेला दिवा, वाहून आलेलं लाकूड, क्षेपणास्त्र चाचणीसाठी बंद केलेला टापू असं सगळं त्यात येतं. जहाजावरचा सेकंड मेट ते वाचून नकाशा दुरुस्त करतो. कागदी नकाशे होते तेव्हा पेन्सिलीनं करायचा. या कामाला कौतुक मिळत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही.

इराण-इराक युद्धानं मात्र जुनीच तऱ्हा परत आणली. सप्टेंबर १९८०मध्ये इराणनं आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी युद्धक्षेत्र ठरवलं, १९८२मध्ये इराकनं खार्ग बेटाभोवती रेघ ओढली आणि आत येईल त्याला मारू, मग तो कुठल्याही देशाचा असो, असं सांगितलं. तेल तर तिथंच भरायचं होतं. युद्ध संपेपर्यंत चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. जुलै १९८७मध्ये अमेरिकी युद्धनौकांच्या संरक्षणात निघालेला ‘ब्रिजटन’ हा टँकर सुरुंगावर गेला. टँकरचं अंग जाड, तो चालत राहिला; रक्षणाला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागोमाग, त्यानं कापलेल्या पाण्यातून निघाल्या.

रेघ सुरक्षेसाठी ओढली तरी तिचाही भुर्दंड असतो, हे आपल्याला चाच्यांच्या काळात कळलं. सोमाली चाचे दूरवर मजल मारू लागले तेव्हा जहाज उद्योगानं २०१०मध्ये ‘अतिजोखमी’च्या टापूची हद्द पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत आणली. मुंबई ७३ अंशांच्याही अलीकडे. म्हणजे रत्नागिरी, मालवण, गोव्याचे मासेमारी करणारे ट्रॉलर जहाजवाल्यांच्या कागदावर चाच्यांच्या समुद्रात होते! विम्याचे हप्ते चढले, जहाजांवर बंदूकधारी आले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याबाहेर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. भारतानं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०१५पासून ती रेघ ६५ अंशांवर गेली. १ जानेवारी २०२३ला ती पुसूनच टाकली.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ पकडलं. २३ डिसेंबरला वेरावळपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’वर ड्रोन आदळला, त्यावर बहुतेक सगळे भारतीय होते, आणि ते जहाज दोन दिवसांनी मुंबईला लागलं. मार्च २०२४मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन नाविक मेले, एकवीस जणांना ‘आयएनएस कोलकाता’नं उचललं. पूर्वी जहाजं दिवे विझवून ओळख लपवायची. आता ती स्वयंचलित ओळखयंत्रात ‘सगळे खलाशी चिनी’, ‘इस्रायलशी संबंध नाही’ असं लिहून ती ओरडून सांगू लागली. आणि सनामधल्या एका कार्यालयातून जहाजमालकांना कुणाला जाता येईल, कुणाला नाही, याची ईमेल जाऊ लागली. पोर्तुगीजांचा कार्ताज आणि आंग्र्यांचं दस्तक शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पाण्यावर ज्याचा वचक, परवाना त्याचा.

यात एक गोष्ट मात्र लुसिटानियाच्या काळात नव्हती. कामगार संघटना आणि मालकांच्या आंतरराष्ट्रीय करारात जो टापू युद्धसदृश ठरतो, तिथं करार लागू असलेल्या जहाजावरच्या नाविकाला जायला नकार देता येतो. त्याला कंपनीच्या खर्चानं घरी पाठवावं लागतं, आणि गेलाच तर मूळ पगार दुप्पट मिळतो. ही सूचना पहिल्यांदा खलाशाच्या बाजूनं बोलते. अडचण एवढीच, की सगळी जहाजं या करारात नसतात आणि नोकरीची घाई असलेला पोरगा सही करताना ते पान वाचत नाही. घरातलं कुणी बोटीवर निघालं असेल, तर एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का आणि जहाज या करारात आहे का, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा.