बँकेच्या धुराचा हिशेब

कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो सर्वांना दिसतो. पण बँकेचाही धूर असतो, असे कोणी म्हटले तर आपले व्यापारी बंधू हसतील. तरीही बँक ऑफ इंग्लंडने, म्हणजे ब्रिटनच्या रिझर्व्ह बँकेने, जून २०२० मध्ये आपल्या धुराचा सविस्तर हिशेब जाहीर केला. तिचे २०१५ सालचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी त्याच साली लंडनच्या विमा व्यावसायिकांना हवामानबदलाच्या धोक्याचा इशारा दिला होता. दुसऱ्याला उपदेश केला की आपली वहीही उघडून दाखवावी लागते.

या वहीत दोन खाती आहेत. पहिले घरखर्चाचे: इमारती, वीज, गॅस, विमानप्रवास आणि नोटांची छपाई. हे उत्सर्जन २०१६ च्या तुलनेत २०३० पर्यंत ६३ टक्क्यांनी घटवण्याचे वचन बँकेने दिले.

त्यात नोटांची हकिगत ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये पाच पौंडांची कापसाची नोट जाऊन प्लॅस्टिकची आली. ती किमान अडीचपट टिकते आणि तिच्या पूर्ण आयुष्यातले कार्बन उत्सर्जन कागदी नोटेपेक्षा १६ टक्के कमी. पण थोड्याच दिवसांत कळले की या प्लॅस्टिकमध्ये जनावराच्या चरबीचा अल्पसा अंश आहे! हलाल-हरामचा विचार करणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. तेथे तो शाकाहारी लोकांनी आणि हिंदू मंदिरांनी जोरात उठवला. चरबीऐवजी पामतेल वापरावे, तर दहा वर्षांत १ कोटी ६५ लाख पौंडांचा खर्च आणि पामतेलासाठी जंगलतोड होते ती वेगळीच. ऑगस्ट २०१७ मध्ये बँकेने चरबीच कायम ठेवली. पर्यावरणाचे कारण पुढे करून श्रद्धेचा प्रश्न बाजूला सारला गेला, असे आम्हाला वाटते.

दुसरे खाते खरे मोठे. बँकेने मोठ्या कंपन्यांचे अब्जावधी पौंडांचे कर्जरोखे विकत घेतले होते. हिशेब केला तेव्हा आढळले की या कंपन्या अशाच चालल्या तर या शतकाअखेर पृथ्वीचे तापमान ३.५ अंशांनी वाढेल. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरले की, उत्सर्जन कमी करणाऱ्या कंपन्यांचे रोखे जास्त घ्यायचे, इतरांचे कमी. पण महागाई भडकली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळेच रोखे काढून टाकण्याचा निर्णय झाला. नवे धोरण तीन महिने चालले आणि दुकानच आवरले!

आपली रिझर्व्ह बँक एप्रिल २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या हरित गटात सामील झाली. बँकांनी हवामानाची जोखीम आणि उत्सर्जनाचे आकडे जाहीर करावेत, असा मसुदा तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. आकडे द्यायचे तर बँक ते कर्जदाराकडूनच मागणार. तेव्हा यंत्रमाग, रंगाई किंवा चामड्याचा धंदा करणाऱ्यांनी विजेची बिले आणि बॉयलरच्या इंधनाच्या पावत्या रद्दीत घालू नयेत.

सुतारकाम करणाऱ्यांसाठी आणखी एक बातमी. आपल्याकडे खराब नोटांचा दरवर्षी सुमारे १५,००० टन चुरा निघतो. तो आजवर जाळला किंवा पुरला जाई. आता त्यापासून पार्टिकल बोर्ड बनवता येते असे चाचणीत दिसून आले असून, हा चुरा घेणाऱ्या बोर्ड उत्पादकांची नोंदणी रिझर्व्ह बँकेने सुरू केली आहे.