वर्ध्याच्या काळ्या मातीपासून मॉरिशसपर्यंत

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला जाणारे भाविक तेथील लहान गोलसर दगड कुतूहलाने न्याहाळतात. संताची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूवैज्ञानिक या दगडांना झिओलाइट म्हणतात. लाव्हा निवताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत हे खनिज साचले. आपल्या कापसाची काळी जमीनही त्याच लाव्ह्याची झीज होऊन घडली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून दख्खनचे थर उसळले, त्याच स्रोतातून फार पुढे हिंदी महासागरात मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे वर आली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. वर्धेकरांच्या दृष्टीने मॉरिशस हे दूरचे, पण नात्यातले बेट आहे.

आजी-आजोबांनी तिकडे जाण्याची इच्छा बोलून दाखवली, की मुलांना धास्ती वाटते. ज्वालामुखीची भीती मात्र अनाठायी आहे. मॉरिशसचे ज्वालामुखी हजारो वर्षे शांत आहेत. आजही धगधगतो तो शेजारच्या रियुनियनचा, आणि तिथली डोंगरवाट गुडघे दुखणाऱ्यांनी टाळलेली बरी. उलट, मे महिन्यात पारा पंचेचाळिसापार जातो तेव्हा वर्ध्याच्या घरात कोंडून राहणे वृद्धांना अधिक जाचक ठरते. त्याच सुमारास दक्षिण गोलार्धातील मॉरिशसमध्ये हिवाळा सुरू होतो. मे ते ऑक्टोबर हा तेथील सुखद, कोरडा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस असल्याने ते वगळावेत.

खरी काळजी प्रवासाची घ्यावी लागते. वर्ध्याहून मुंबईपर्यंत रात्रभराची रेल्वे आणि पुढे सुमारे सहा तासांचे विमान. ही दोन्ही अंतरे एका दमात कापू नयेत. मुंबईत एक दिवस विसावा घ्यावा. चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून मार्गिकेलगतची जागा घ्यावी, अधूनमधून उठून चार पावले टाकावीत, बसल्या जागी घोटे हलवावेत आणि पाणी पीत राहावे. पूर्वी अशी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांच्या संमतीविना तिकीट काढू नये. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. त्यात संकोच कसला?

इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत असावे. सामानाच्या कक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत परदेशांत नियम कडक असतात. तेव्हा औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी आणि डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा केवळ दीड तास मागे असल्याने गोळ्यांच्या वेळा फारशा बदलत नाहीत. युरोप-अमेरिकेच्या मानाने वृद्धांना हे बेट सोपे जाते, ते यामुळेच.

तिथे पोहोचल्यावर रोज नवे हॉटेल नको. एकाच ठिकाणी मुक्काम करून सकाळी एकच स्थळ पाहावे. क्युरपिप गावाजवळील त्रू ओ सेर्फ या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत मोटार जाते, त्यामुळे चढण चढावी लागत नाही. मात्र उंचीवर धुके आणि पाऊस असतो, म्हणून स्वेटर हवा. गंगा तलाव हे सरोवरही ज्वालामुखीच्या विवरातच आहे. काठावर शिवमंदिर आहे आणि वाटेवर ३३ मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे. पाम्प्लेमूसची बाग सपाट आहे, कमलपत्रे ताटाहून मोठी. प्रवाळाच्या कड्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी बहुतेक ठिकाणी शांत व उथळ असते. काळे खडक मात्र निसरडे, तर प्रवाळ धारदार असतात. पाण्यात रबरी बूट घालूनच उतरावे.

या बेटावर मराठी माणूस परका नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत गेलेल्या, प्रामुख्याने कोकणातील मजुरांचे वंशज तिथे नांदतात. मराठी शाळांतून शिकवली जाते, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. सेवाग्रामशी ओळख असणाऱ्यांसाठी आणखी एक दुवा: दक्षिण आफ्रिकेहून परतताना १९०१ च्या अखेरीस गांधीजी या बेटावर काही दिवस थांबले होते.

स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांना नव्या खोलीत रात्री गोंधळल्यासारखे होते. मंद दिवा चालू ठेवावा, घरचीच चादर अंथरावी आणि खिशात हॉटेलचे नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी. शक्य असल्यास सोबत दोघे जण असावेत. वर्षभर शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला निदान एक सकाळ एकट्याने समुद्रकिनारी बसता येईल, अशी पाळी निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.