दोन फूट ओटा, चोवीस फूट उतार

घाटाखाली, खामगाव-नांदुऱ्याकडच्या जुन्या घरांचा ओटा उंच. गल्लीतलं पाणी आत येऊ नये म्हणून कधीकाळी दोन-दोन फूट जोतं उचललेलं. आजोबांचे गुडघे धरले, की तोच ओटा त्यांना घरात कोंडून ठेवतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण 1:12. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दोन फुटांना चोवीस. अंगण दहा फुटांचं, पुढे नाली. मग मिस्तरी उतार भिंतीला लगटून काटकोनात वळवतो आणि वळणावर खुर्ची फिरेल अशी पाच फुटी सपाट जागा सोडतो. घाईनं केलेला उभा उतार सोयीचा दिसतो खरा, पण त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याचीच दमछाक होते.

खरी खोड काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच काँक्रीट ओतलं, तर ओटा आणि उतार यांच्या सांध्यात भेग पडते आणि चाक नेमकं तिथे अडतं. म्हणून आधी माती उकरायची, मुरूम भरून धुम्मस करायचा. हा खर्च कुणाला दिसत नाही, त्यामुळे वाचवावासा वाटतो तोही हाच.

उंबरठा फोडायला घरातली मंडळी सहसा राजी नसतात. लक्ष्मीची जागा ती! तिथे दोन्ही बाजूंना लाकडी पाचर बसते. उंबरठाही राहतो, वाटही होते.

सरकारी मदतीचं गणित वेगळं. 2024च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये येतात. वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी ते आहेत. सिमेंट आणि मुरूम त्या यादीत नाहीत.

न्हाणीत मात्र थोडक्यात मोठं काम होतं. गुळगुळीत फरशीऐवजी खडबडीत, बसायला पक्कं स्टूल आणि धरायला लोखंडी दांडी. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. अशा घरी पाइप जमिनीतच खड्डा करून, काँक्रीटमध्ये रोवतात. उंची पुस्तकातून ठरत नाही. "माय, इथं धरून उठता येते का, पाहा," म्हणत मिस्तरी खडूनं खूण करतो. ती उठते, पुन्हा बसते, खूण चार बोटं खाली सरकते.

मग आठवडाभर काँक्रीटवर पाणी मारायचं आणि दांडीवर भार टाकायचा नाही. तोवर सुनेचा खांदा.